पथकाचे घर, गावाचे सभागृह

(नेवासे तालुक्यातील घोडेगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बोलण्याचा विषय वरवर पाहता लहान आहे. गावातील स्काउट-गाइड पथकासाठी गावाने स्वतःच्या बळावर एखादे सभागृह उभारावयाचे ठरविले, तर ते कसे उभारावे, एवढाच तो विषय. चार भिंती, वर छप्पर आणि पुढे पटांगण, इतकीच ही इमारत. परंतु ती बांधताना गावाला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. जमीन कोणाची? पैसा कोणाचा? घाम कोणाचा? आणि बांधून झाल्यावर किल्ली कोणाकडे? विटा-सिमेंटचा हिशेब कोणताही चांगला गवंडी करून देईल. या चार प्रश्नांची उत्तरे मात्र गावालाच शोधावी लागतात आणि इमारतीचे आयुष्य त्यांवरच ठरते.

घोडेगाव हे बाजाराचे गाव आहे. जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी त्याची ओळख दूरवर आहे. अशा गावाला माणसे जमविणे शिकवावे लागत नाही. तथापि बाजारासाठी जमलेली गर्दी दिवस मावळताना पांगते आणि मागे पाचोळा उरतो. एखाद्या कामासाठी जमलेला समाज मागे काही तरी ठेवून जातो. याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी, नेवासे येथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली, तो पैस खांब आजही आपण पाहतो. तेथे आधी श्रोते जमले, शब्द उमटला. आज दिसणारे मंदिर त्या खांबाभोवती पुष्कळ नंतर उभे राहिले. माणसे आधी, मंडप नंतर, हा क्रम आपल्या तालुक्याने सातशे वर्षांपूर्वीच घालून दिला आहे. सभागृहाच्या बाबतीतही तोच क्रम योग्य होय.

तंबूत जन्मलेली चळवळ

स्काउट चळवळीचा जन्म इमारतीत झालेला नाही. 1907 च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिणेकडील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती, तशीच आसपासच्या गावांतील कष्टकरी कुटुंबांतील मुलेही होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला एकेका पशुपक्ष्याचे नाव दिले. कोणाचा मुलगा कोण, हे तंबूत विचारले जात नव्हते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ पाहता पाहता देशोदेशी पसरली.

हिंदुस्थानात 1909 साली पहिली पथके निघाली, ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. ही गोष्ट आपल्या लोकांनी निमूटपणे सोसली नाही. श्रीराम बाजपेयी यांनी शहाजहानपूर येथे आपल्या मुलांचे पथक उभे केले. ॲनी बेझंट यांनी मद्रासेकडे स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या छत्राखाली स्काउटांची संघटना बांधली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाइड्सही तीत सामील झाल्या. एके काळी ज्या चळवळीचे दार आपल्या मुलांना बंद होते, ती आज गावोगावच्या शाळांत आहे. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो. बंद दारातून ज्या चळवळीला वाट काढावी लागली, तिच्यासाठी बांधलेल्या सभागृहाचे दार गावातील कोणत्याही मुलाला बंद असता कामा नये.

मग सभागृह कशासाठी?

चळवळ उघड्यावरची आहे, तर इमारत हवीच कशाला, असा प्रश्न पंचायतीत कोणी तरी विचारील, आणि तो रास्त आहे. याचे उत्तर पथकाच्या रोजच्या कामात आहे. पथकाजवळ तंबू, दोर, काठ्या, ध्वज, प्रथमोपचाराची पेटी, स्वयंपाकाची भांडी असा संसार असतो. तो शाळेच्या कोपऱ्यात पडून राहिला की वाळवी आणि उंदीर त्याचा निकाल लावतात. पावसाळ्यात आणि परीक्षेच्या काळात शाळेची खोली मिळत नाही. शिक्षकाची बदली झाली की सामानाचा मागमूस राहत नाही आणि पथकही विस्कटते. जागा असली म्हणजे माणूस बदलला तरी काम टिकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पथकात सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि साधारणतः चार संघांचे एक पथक होते. संघनायक हा त्यांच्यातलाच मुलगा असतो. संघनायकांची स्वतःची सभा भरते, ती कार्यक्रम ठरविते, चुकलेल्याला समज देते, जमाखर्च पाहते. जगभरच्या पथकांत अशी रीत आहे की सभागृहाचे चार कोपरे चार संघांना वाटून द्यावयाचे. आपल्या कोपऱ्याची स्वच्छता, सजावट, सामानाची यादी हे सारे त्या संघाचे. मित्रहो, बारा वर्षांच्या मुलाला ‘हा कोपरा तुझा, याचा जबाब तू द्यावयाचा’ असे सांगण्यात जे शिक्षण आहे, ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील धड्यात नाही. ग्रामसभेत पुढे जो माणूस हिशेब विचारणार आहे, तो अशाच कोपऱ्यात तयार होतो.

आणि इमारत भव्य असण्याचे कारण नाही. स्काउट चळवळीचे जगप्रसिद्ध प्रशिक्षण केंद्र लंडनजवळ गिलवेल पार्क येथे आहे. 1919 साली एका दानशूर गृहस्थाने ती पडीक जागा मिळवून दिली. ती साफ करण्यासाठी जी तरुण मुले प्रथम गेली, त्यांनी पावसामुळे एका मोडक्या खोपटात मुक्काम केला. ते खोपट तेथे आजही जपून ठेवले आहे. सुरुवात खोपटातून झाली याची त्यांना लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो.

आपल्या जिल्ह्याचे धडे

लोकांनी स्वतः इमारत उभी करावी आणि त्यातून गावच उभे राहावे, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेले होते. यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा दारूच्या भट्ट्यांना जळण म्हणून गेली होती, असे सांगतात. अण्णांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून त्या मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला आणि गावातील तरुण हळूहळू श्रमदानासाठी पुढे आले. मंदिर उभे राहिले आणि तेच गावाचे सभागृह झाले. दारूबंदीसारखे अवघड निर्णय त्याच मंदिरात बसून घेतले गेले. पाणलोटाचे काम, शाळा, वसतिगृह ही सारी मालिका त्यानंतरची आहे. एका माणसाने पैसा दिला म्हणून मंदिर गावाचे झाले नाही. तरुणांनी दगड उचलले म्हणून ते गावाचे झाले, हा यातील बोध आहे.

नगर तालुक्यातील हिवरेबाजारची वाटही अशीच आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि 26 जानेवारी 1990 च्या ग्रामसभेत गावाने आपल्या गरजांचा क्रम स्वतः ठरविला. कोणते काम आधी, कोणते नंतर, हे बाहेरच्या कोणी सांगितले नाही. गावाने क्रम ठरविला, त्यानंतर शासनाच्या योजना त्या क्रमाच्या मदतीला आल्या. सभागृहाचा प्रश्न ग्रामसभेत मांडताना हीच शिस्त पाळली पाहिजे. पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना सभागृहाचा आग्रह धरणे शहाणपणाचे होणार नाही. पण पाणी, शाळा, आरोग्य यांची सोय लागल्यावर मुलांच्या जागेचा क्रमांक कितवा, हे ग्रामसभेने स्पष्ट शब्दांत सांगावे.

पैशाच्या बाबतीत धडा घ्यावा तो कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडून. 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा भांडवल म्हणून त्यांच्याजवळ लोकांचा विश्वास होता. घरोघरी दळताकांडताना बाजूला काढलेल्या मूठभर धान्यातून संस्थेचा मुष्टिफंड उभा राहिला. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले. आणि विद्यार्थ्यांनी स्वतः राबून शिकावे, हे संस्थेचे ब्रीद ठरले. ज्या घरातून मूठभर धान्य गेले, ते घर संस्थेला आपली मानू लागले. मोठ्या देणगीने इमारत लवकर होते. मुठीमुठीने झालेली इमारत अधिक काळ जपली जाते.

स्काउटांच्या शिस्तीत याला जोड देणारा सुंदर शब्द आहे, ‘खरी कमाई’. मुलांनी लहानमोठे काम करून प्रामाणिकपणे चार पैसे मिळवावयाचे आणि ते सेवाकार्याला द्यावयाचे. सभागृहाच्या निधीत पहिली रक्कम मुलांच्या खऱ्या कमाईची असावी, अशी माझी सूचना आहे. ती रक्कम कितीही लहान असो, वर्गणीच्या यादीत सर्वांच्या वर लिहावी. मोठ्यांना मग कमी देताना संकोच वाटेल, आणि तो संकोच गावाच्या उपयोगी पडेल.

जमीन आणि बांधकाम

आता व्यवहाराच्या गोष्टी. जागेचा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे सोडवावा. जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव, मोजणी आणि मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद हे सारे पायाखोदाईच्या आधी पूर्ण व्हावे. एखाद्या गृहस्थाने जमीन देऊ केली तर त्याचे आभार मानावे आणि त्याच आठवड्यात नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावे. शब्दावर घेतलेल्या जमिनीचा वाद देणाऱ्याच्या हयातीत होत नाही. तो त्याच्या मुलांच्या वाटणीच्या वेळी उपटतो आणि मग इमारतीला कुलूप लागते.

आपली काळी जमीन पिकाला उदार, पण बांधकामाला बेभरवशाची आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बांधलेली भिंतही आपल्याबरोबर उचलते व खाली सोडते. म्हणून पाया काळ्या मातीत थांबवू नये; तो मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. जोते पुरेसे उंच ठेवावे. बत्तीस स्काउट आणि बत्तीस गाइड एकत्र बसावयाच्या असतील, तर वीस फूट रुंद व चाळीस फूट लांब, म्हणजे आठशे चौरस फुटांची खोली पुरते. तिला सामानाची एक कोठी, पुढे ओसरी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह अवश्य असावे. स्वच्छतागृह ‘पुढे पाहू’ म्हणून सोडले की मोठ्या मुलींचे येणे थांबते, आणि सभागृह निम्म्या गावापुरतेच उरते.

भिंतींबाबत एक गोष्ट विसरू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली. दगड वाईट नव्हता. दगडांना एकमेकांत बांधणारे काही नव्हते. दगडी भिंत बांधावयाची तर सिमेंटचा माल वापरावा, ठरावीक अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे आणि दारे-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी सलग सिमेंट-सळईचा पट्टा फिरवावा. त्याचा खर्च थोडा आहे. मुलांच्या डोक्यावर छप्पर घालताना तो टाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून ग्रामीण मुलांना हाताने काम करून शिकण्याची वाट दाखविली, आणि भूकंपानंतर तेथे विकसित झालेली घुमटाकार घरे उपयोगास आली. योग्य मार्गदर्शन असेल तर खेड्यातील तरुणही शास्त्रशुद्ध बांधकाम करू शकतो, हे तेथे दिसून आले आहे.

कामाचे वेळापत्रक पंचांग पाहून नव्हे, तर शेती पाहून ठरवावे. उन्हाळ्यात शेतात काम कमी असते, तेव्हा दगड, मुरूम गोळा करावा. पण त्या वेळी पाणी नसते, म्हणून बांधकाम काढू नये. पाऊस संपून विहिरींना पाणी आले की पाया घ्यावा. कांद्याच्या लागणीला व उसाच्या तोडणीला माणूस शेतात गुंततो, त्या दिवसांत श्रमदान मागू नये. सिमेंटच्या कामावर निदान सात ते चौदा दिवस पाणी मारले पाहिजे. हे काम स्काउटांनी पाळीपाळीने, वही ठेवून करावे. खोदाई, दगड वाहणे हे प्रौढांचे काम. गवंडीकाम आणि स्लॅब हे कसबी कारागिराचेच काम. मुलांच्या डोक्यावर पाट्या देऊन छायाचित्रे काढणे हे श्रमदान नव्हे.

घाम कोणाचा?

श्रमदानाविषयी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. पुष्कळदा असे होते की बागाईतदार रोख रक्कम देतो, त्याचे नाव संगमरवरी पाटीवर येते. आणि मजुरी करणारा माणूस दिवसभर राबतो, त्याचे नाव कोठेच येत नाही. वास्तविक ज्याच्या घरी त्या दिवशीची मजुरी आली नाही, त्याने दिलेले दान मोठे आहे. म्हणून माझी विनंती आहे की श्रमाचा एक दिवस हा त्या दिवसाच्या मजुरीच्या दराने वर्गणीच्या वहीत जमा धरावा आणि नावासह लिहावा. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांच्याकडून एका दिवसापेक्षा अधिक मागू नये. आणि ज्यांचे पोट तसे नाही त्यांनी पैसे दिले तरी एक दिवस प्रत्यक्ष येऊन घमेले उचलावे. सरपंच, मुख्याध्यापक, ग्रामसेवक, आणि माझ्यासारखा सरकारी नोकरही त्यात असावा. गावकुसातला आणि वस्तीवरचा माणूस एकाच रांगेत उभा राहून दगड पुढे सरकवितो, तेव्हा ब्राउन्सी बेटावरच्या त्या शिबिराचा अर्थ आपल्या मातीत उतरतो.

जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लावावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. बाजाराच्या गावाला हिशेबाचे महत्त्व मी सांगावे असे नाही. आडतीवर पट्टी वाचल्याशिवाय शेतकरी पैसे मोजून घेत नाही. तीच सवय सार्वजनिक कामात हवी. संशय माणसांवर घेऊ नये. हिशेब मात्र प्रत्येकाने विचारावा.

किल्ली कोणाकडे?

येथून जवळच असलेल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. आपल्या सभागृहाला मात्र दार असेल, कुलूप असेल आणि म्हणून किल्लीही असेल. माहिती खात्याच्या कामानिमित्त मला अनेक गावांची सभागृहे पाहण्याचा योग आला. कोनशिला लख्ख असते, आत मात्र दिवा नसतो. कोठे किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते, कोठे लग्नसराईची भांडी भरलेली असतात, तर कोठे मालाच्या गोण्यांची थप्पी लागलेली असते. कांद्याचे भाव पडले आणि चाळी भरल्या की मोकळ्या खोलीकडे लक्ष जाणे साहजिक आहे. पण एकदा गोण्या आत आल्या की मुले बाहेर जातात, आणि बाहेर गेलेली मुले परत बोलाविणे अवघड असते.

यास्तव वापराचे नियम पायाभरणीपूर्वीच ग्रामसभेने ठरवावे. आठवड्यातील ठरलेले दिवस पथकाचे. त्या दिवशी लग्न असो वा सभा, जागा कोणालाही मिळणार नाही. उरलेल्या दिवशी महिला बचत गट, ग्रंथालय, प्रौढांचे वर्ग, आरोग्य तपासणी यांना ती खुली राहील. समारंभासाठी भाडे सर्वांस सारखे आणि त्याची पावती सक्तीची. किल्ल्या दोन असाव्या, एक पंचायतीत आणि दुसरी पथकाजवळ. पथकाजवळची किल्ली शिक्षकाच्या देखरेखीखाली संघनायकांकडे पाळीने फिरावी. मुलाच्या हाती किल्ली देण्यास आपण कचरतो. पण विश्वास टाकल्याशिवाय जबाबदारी शिकविता येत नाही.

बांधणे सोपे, सांभाळणे अवघड

शेवटचा मुद्दा देखभालीचा. या जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या बांधकामांची कीर्ती सर्वांनी ऐकली आहे. परंतु त्या कामांचा खर्च आपल्या खाजगीच्या उत्पन्नातून चालावा, याची जी काळजी त्यांनी घेतली, ती आपण अधिक लक्षात ठेवली पाहिजे. बांधणाऱ्याने सांभाळण्याचीही तरतूद करावी, हा राज्यकारभाराचा मोठा नियम आहे आणि तो एका खोलीच्या सभागृहालाही लागू पडतो.

शासनाच्या योजना, लोकप्रतिनिधींचा स्थानिक विकास निधी यांतून बांधकामास साहाय्य मिळू शकते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. पण गळके छप्पर, तुटलेली खिडकी, विजेचे बिल यांसाठी दर वर्षी कोणी निधी देणार नाही. पाचशे घरांच्या गावात प्रत्येक घराने महिन्याला दहा रुपये बाजूला काढले, तर वर्षाला साठ हजार रुपये होतात. आजच्या काळातला हाच मुष्टिफंड होय. त्यात खंड पडला नाही तर इमारत दोन पिढ्या उभी राहील.

मित्रहो, सभागृह ही पथकाची गरज आहे हे खरे. पण त्याहून अधिक ती गावाची परीक्षा आहे. जमीन निर्वेध दिली, वर्गणी मुठीमुठीने जमा केली, घामाची नोंद पैशाइतक्याच आदराने केली आणि किल्ली मुलांच्या हाती दिली, तर त्या चार भिंतींत वाढलेली मुले उद्या याच पंचायतीच्या खुर्च्यांवर बसतील. त्यांना हिशेब ठेवावयाचा कसा आणि दार उघडे ठेवावयाचे कसे, हे कोणी वेगळे शिकविण्याची गरज पडणार नाही. या विषयावर ग्रामसभेत चर्चा व्हावी आणि जे ठरेल ते कागदावर यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.